मुक्कामाला न राहणारे पाहुणे

जालना जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत ताकाची बाजू घ्यायला शास्त्राची गरज पडत नाही; ऊनच पुरेसं असतं. पण हल्ली त्याच ताकावर ‘प्रोबायोटिक’ असा शिक्का सरसकट मारला जातो, तो मात्र पटत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. अंबड-भोकरदनकडच्या एखाद्या घरात विरजणात कोणते जिवाणू आहेत, किती आहेत, हे कोण मोजतं? तरीही घरचं ताक आतड्याच्या कामाचं आहे, असं माझं मत आहे. त्यामागचं कारण तेवढं जाहिरातीतलं नाही.

आतड्याचं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं. त्या पेशी चार-पाच दिवसांत झडून नव्या येतात, शेजारच्या दोघींमधली फट प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेली असते आणि वर श्लेष्माचा थर असतो. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या जिवाणूने स्रवलेली प्रथिनं दाहाने मरू घातलेल्या पेशींना तगवतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण बाहेरून आलेले असे जिवाणू बहुतेकांच्या आतड्यात वस्ती करत नाहीत. खाणं थांबलं की काही दिवसांत दिसेनासे होतात. कायमची वस्ती तिथल्या मूळ रहिवाशांची, आणि त्यांना हवे असतात धान्या-डाळींतले तंतू. ते आंबवून हे रहिवासी ब्युटिरेट तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन तेच. उंदरांना तंतूच दिले नाहीत, तेव्हा त्यांच्या पोटातल्या काही जिवाणूंनी चक्क श्लेष्माचा थर खायला घेतला. म्हणून ताकात भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या ही जोडी मला महत्त्वाची वाटते: ताक पाहुण्यांना आणतं, ज्वारी घरच्यांना जेवू घालते. सोयाबीन-कपाशीने इथल्या ज्वारीची जागा खाल्ली, त्याची चर्चा पिकाच्या भावापाशीच का थांबते, कोण जाणे.

यावर कोणी म्हणेल, 2018 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत जुलाब-उलट्या झालेल्या मुलांना प्रोबायोटिकचा काहीच फायदा दिसला नाही. खरं आहे. उलट ओडिशातल्या खेड्यांत 4,556 नवजात बाळांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि त्याला पोसणारी शर्करा दिल्यावर जंतुसंसर्ग व मृत्यूंचं एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. जिवाणू वेगळा, वय वेगळं, काम वेगळं. आणि दोन्हीकडे दिलं ते घरचं दही नव्हतंच. त्यामुळे यातला कुठलाच निकाल ताकाच्या खात्यावर मांडता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की दह्यातले बरेच जिवाणू जठरातल्या आम्लात मरतात. मरतातही; पण त्यांच्यातलं लॅक्टेज लहान आतड्यात दुधाची साखर फोडायला मदत करतं, म्हणून दूध न पचणाऱ्या अनेकांना दही सोसतं. जिवंत विरजणाचा हा एक गुण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही 2010 मध्ये मान्य केला.

मला खरी अडचण वाटते ती पाण्याची. दूषित पाणी सतत पोटात गेलं की हेच अस्तर सुजतं, झिरपू लागतं. 2012-13 च्या दुष्काळात टँकरवर दिवस काढलेल्या या जिल्ह्यात, रवी फिरवण्याआधी दह्यात ओतलेलं पाणी कुठून आलं, हे विरजणाच्या जातीआधी विचारावं लागतं.