नेमकं मागायचं काय?

बाबा दोन वर्षांपासून किडनीच्या प्रतीक्षायादीत आहेत. आईची आणि माझी चालली नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. वसईतल्या आमच्या घरी संध्याकाळी रोझरी झाली की आई बाबांचं नाव घेते. मीही घेतो, पण अडखळतो.

कारण ती किडनी येणार कुठून? ब्रेन डेड झालेल्या कुणाकडून तरी. म्हणजे मी रोज कुणाच्या तरी घरातल्या वाईट बातमीची वाट बघतोय का? आईला विचारलं. म्हणाली, "मरण आपण नाही मागत रे. त्या दिवशी त्यांना 'हो' म्हणायचं बळ मिळू दे, एवढंच मागते." (प्रश्न पूर्ण सुटला नाही. पण तेव्हापासून मीही तेवढंच मागतो.)

लोक सांगतात, देवाची तीनच उत्तरं असतात: हो, नाही, थांब. मी सॉफ्टवेअरवाला. जी टेस्ट कधी फेलच होऊ शकत नाही, तिच्यावर माझा भरवसा बसत नाही. त्यापेक्षा बायबलमधलं ८८वं स्तोत्र जवळचं वाटतं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात; हे अंधारातच संपतं. तरी कुणी ते काढून टाकलं नाही. तक्रार आहे, उत्तर नाही, आणि बोलणं देवाशीच चाललंय. माझ्याकडे सध्या एवढीच श्रद्धा आहे. ती कमी आहे असं मला वाटत नाही.

उद्या सोमवार. सकाळची शिफ्ट, रिक्षा साडेपाचला सांगितलीय. फोन रात्री सायलेंटवर टाकायचा नाही, हे आता अंगवळणी पडलंय.