भिंतीवरचे नाव

औषधाच्या दुकानात उभे असताना आपले लक्ष काउंटरकडे असते, भिंतीकडे नसते. भिंतीवर चौकटीत शासनाचा परवाना लावलेला असतो आणि त्याच्या शेजारी फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रावर एक नाव असते. त्या नावाचा माणूस या घटकेला दुकानात आहे काय, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारला असेल. आम्हीही तो वर्षानुवर्षे विचारला नव्हता.

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एक तरुण सल्ला मागण्यासाठी आला. बारावीनंतरचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आणि त्यापुढील ५०० तासांचे प्रशिक्षण संपवून त्याने नुकतीच नोंदणी करून घेतली होती. एका दुकानदाराने त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला होता : प्रमाणपत्र आमच्या भिंतीवर लावू द्या, तुम्ही येण्याची गरज नाही, दरमहा ठरलेली रक्कम घरपोच मिळेल. "काका, यात कोणाचे नुकसान तर होत नाही ना?" त्याने विचारले. "दुकान चालवणारा माणूस वीस वर्षांचा अनुभवी आहे. माझ्यापेक्षा त्यालाच औषधे जास्त ठाऊक." आम्ही "बघ बाबा, तुझे तू ठरव," एवढे म्हणून मोकळे झालो. त्याने ते पैसे घेतले. त्या दिवशी त्याला जे उत्तर आम्ही द्यायला हवे होते, ते शोधण्याचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. औषध देणाऱ्यावर राज्यसत्तेने बंधने घालणे ही काही आजची गोष्ट नव्हे. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सिसिलीच्या राज्यात वैद्य आणि औषध तयार करणारा यांचे व्यवसाय वेगळे केले आणि दोघांना एकत्र धंदा करण्यास मनाई केली. जो औषध लिहून देतो त्याचा विक्रीच्या नफ्यात वाटा नसावा आणि एकाच्या चुकीवर दुसऱ्याची नजर असावी, हे त्यामागचे शहाणपण. आपल्या देशात १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. त्यातून पुढे १९४० चा औषध कायदा, १९४५ ची नियमावली आणि १९४८ चा फार्मसी कायदा अशी इमारत उभी राहिली. कायदे केंद्राचे असले तरी किरकोळ दुकानांना परवाने देणे आणि त्यांची तपासणी करणे हे काम राज्याचे. आपल्याकडे ते अन्न व औषध प्रशासन पाहते. फार्मासिस्टची नोंदणी राज्याची फार्मसी परिषद करते.

या साऱ्या नियमांच्या गाभ्याशी एकच कल्पना आहे. नियमावलीतील ६५ वा नियम सांगतो की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या जातीने केलेल्या देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. 'जातीने' हा शब्द येथे महत्त्वाचा. दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा हवी, परवाना दर्शनी भागी लावलेला हवा, चिठ्ठीवर सही व तारीख हवी, लिहिलेल्या औषधाऐवजी परस्पर दुसरे औषध देऊ नये, ही सारी कलमे त्या एका हजर माणसाभोवती उभी केलेली आहेत. तो नसेल तर उरते ते फक्त कपाट.

हा माणूस करतो तरी काय, असे पुष्कळांना वाटते. तो चिठ्ठी वाचतो. मोठ्या माणसाची मात्रा लहान मुलाच्या नावावर लिहिली गेली असेल तर तो थबकतो आणि डॉक्टरांना दूरध्वनी करतो. दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला दिलेली औषधे एकमेकांशी जुळत नसतील, तर ते त्याच्या लक्षात येते. इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात राहिले की नाही, गोळीची मुदत संपली की काय, हे तो पाहतो. ही नजर विकत घेता येते, पण ती भिंतीवर टांगता येत नाही.

आता दुकानदारांची बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. २०१२-१३ च्या सुमारास महाराष्ट्रातील औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या उपस्थितीबाबत तपासण्या कडक केल्या, तेव्हा औषधविक्रेत्यांनी विरोध केला, दुकाने बंद ठेवली. त्यांचे काही म्हणणे निराधार नव्हते. सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत दुकान उघडे ठेवायचे तर एका फार्मासिस्टने कसे भागावे? छोट्या गावातील दुकानाला दोघांचा पगार कसा परवडावा? शिकलेला मुलगा गावात थांबायला तयार नसेल तर गावाने औषधावाचून राहावे काय? कायदा मुंबईच्या रस्त्यावर बसून लिहिला आणि पाड्यावर लागू केला, अशी तक्रार कोणी केली तर ती आम्ही हसण्यावारी नेणार नाही.

परंतु "हा नियम आम्हांला पाळणे कठीण आहे, तो बदला," असे शासनाला सांगणे वेगळे, आणि तो न पाळता "आम्ही पाळतो," असे भिंतीवर लिहून ठेवणे वेगळे. पहिले हे नागरिकाचे कर्तव्य आहे. दुसरे खोटे बोलणे आहे. आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली, तेव्हा खोटी साक्ष म्हणजे न्यायालयातील पिंजऱ्यात उभे राहून केलेले बोलणे, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे होते. पण ती आज्ञा शेजाऱ्याविषयी आहे हे आपण विसरतो. भिंतीवरचे प्रमाणपत्रही साक्षच देते. दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक आजाऱ्याला ते सांगत असते : 'मी येथे आहे, मी पाहिले आहे, तू निर्धास्त राहा.' नावाचा धनी दहा मैलांवर असेल तर ही साक्ष दिवसभर, प्रत्येक गिऱ्हाइकापुढे, खोटी ठरत राहते. फार्मसी परिषदेच्या २०१५ च्या विनियमांनी, सेवा देण्याचा इरादा नसताना केवळ दुकान चालावे म्हणून प्रमाणपत्र देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील एका प्रकरणात, बनावट किंवा नोंदणी नसलेल्या माणसांच्या हातून औषधे दिली जाऊ नयेत हे पाहणे राज्य शासनाचे व परिषदेचे कर्तव्य आहे, असे बजावले. कायद्याने आपले म्हणणे स्पष्ट केले आहे. प्रश्न आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा उरतो.

"कोणाचे नुकसान तर होत नाही ना?" या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या मुंबईनेच दिले आहे. १९८६ च्या आरंभी जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मरण पावले. मेंदूवरचा दाब कमी व्हावा म्हणून त्यांना ग्लिसरीन दिले गेले होते. ते औषधी दर्जाचे नव्हते, औद्योगिक होते, आणि त्यात डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगापुढे जे उघड झाले त्यात रुग्णालय, पुरवठादार, औषध प्रशासन आणि सत्ताधारी यांपैकी कोणीच निर्दोष सुटले नाही. ही घटना गल्लीतल्या दुकानाची नव्हे, हे खरे. परंतु तिचा धडा तोच आहे. औषधाच्या वाटेवर ठिकठिकाणी जी माणसे नेमलेली असतात, त्यांची सही म्हणजे 'मी तपासले आहे' असा शब्द असतो. प्रत्येकाने 'पुढचा बघेल' असे मानले की शेवटी रुग्णाच्या शिरेपर्यंत कोणीच बघत नाही.

दुसरे नुकसान संथ असते, म्हणून ते दिसत नाही. घसा दुखतो म्हणून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या चिठ्ठीविना घ्यायच्या, बरे वाटताच उरलेल्या डब्यात टाकायच्या, हा आपला घरोघरचा प्रघात. अर्ध्यावर सोडलेल्या उपचारातून टिकून राहिलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देईनासे होतात. २०११ च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांनी, उपलब्ध असलेल्या जवळपास कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण वैद्यकीय जगापुढे मांडले, तेव्हा सारे हादरले. २०१३ साली अधिसूचित होऊन १ मार्च २०१४ पासून लागू झालेली 'एच-१' ही अनुसूची याच काळजीतून आली. तिच्यातील प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणारी काही औषधे देताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, पत्ता आणि दिलेले प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहावे लागते व ती वही तीन वर्षे जपावी लागते. ही वही कोण भरणार? जो हजर नाही तो?

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. रविवारची रात्र आहे. रक्तदाबाच्या गोळ्या संपलेली एक म्हातारी दारात उभी आहे. दवाखाना बंद, चिठ्ठी जुनी. नियम म्हणतो, देऊ नये. दया म्हणते, द्यावे. शब्बाथाच्या दिवशी आजाऱ्यांना बरे करणाऱ्या प्रभूचे शिष्य म्हणवणाऱ्या आपण कोणाचे ऐकावे?

संत थॉमस अक्विनस यांनी या पेचाचा विचार केला आहे. कायदा सर्वसाधारण परिस्थितीसाठी केलेला असतो. क्वचित एखाद्या प्रसंगी त्याचे अक्षर पाळले तर त्याचाच हेतू मोडतो. अशा वेळी हेतूला धरून वागणे या सद्‌गुणाला त्यांनी 'एपिकेया' हे ग्रीक नाव वापरले. त्यांचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. ठेव परत करावी हा नियम. पण ज्याने तलवार ठेवायला दिली तो वेडाच्या भरात ती मागू लागला, तर ती देऊ नये. हा सद्‌गुण केवळ सवलत देण्याचा नाही, गरज पडल्यास हात आखडण्याचाही आहे, हे या उदाहरणातून दिसते.

आमच्या मते आपल्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. त्या म्हातारीला ओळखणारा, तिची जुनी चिठ्ठी वाचणारा, दोन दिवसांपुरत्या गोळ्या देऊन "मंगळवारी डॉक्टरांना दाखवून मला येऊन सांगा," म्हणणारा फार्मासिस्ट नियमाच्या अक्षरापलीकडे जातो. त्याचा जाब तो देवापुढे आणि शासनापुढे देऊ शकेल, कारण काय केले व का केले हे त्याला ठाऊक आहे. तोच फार्मासिस्ट झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आठवड्यात तिसऱ्यांदा आलेल्या तरुणाच्या चेहऱ्याकडे पाहून, चिठ्ठी बिनचूक असतानाही, थांबेल आणि विचारपूस करील. त्याच गोळ्या काउंटरवरच्या अजाण पोऱ्याने म्हातारीला दिल्या तर ती दया नव्हे, ती विक्री होय. जो हजर आहे तोच नियम पाळू शकतो, आणि जो हजर आहे त्यालाच दयेपोटी नियमापलीकडे जाण्याचा अधिकार पोचतो. गैरहजर माणसाला यातले काहीच करता येत नाही.

औषधविक्रेत्याच्या सदसद्विवेकबुद्धीचा विषय ख्रिस्तसभेत निघाला की, जीवनाविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या औषधांना नकार देण्याच्या त्याच्या हक्काबद्दल बोलले जाते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली कॅथलिक फार्मासिस्टांपुढे बोलताना हा विषय मांडला होता. तो महत्त्वाचा आहेच. पण नकार द्यायलाही माणूस जागेवर असावा लागतो. ज्याने आपले नाव भाड्याने दिले, त्याने आपला होकारही दिला आणि नकारही दिला. दोन्ही आता दुसऱ्याच्या हाती आहेत.

ही चूक केवळ त्या तरुणाची किंवा त्या दुकानदाराची आहे, असे म्हणून आम्हांला सुटता येणार नाही. एकदा एका दुकानातील मुलीने आमच्याकडे नम्रपणे चिठ्ठी मागितली. आम्ही चिडलो, "एवढ्याशा गोळीला चिठ्ठी कसली?" असे म्हणून पलीकडच्या दुकानात गेलो आणि तेथे काही न विचारता गोळ्या मिळाल्या म्हणून समाधानाने घरी आलो. त्या दिवशी आम्ही प्रामाणिक दुकानाला दंड केला आणि बेफिकीर दुकानाला बक्षीस दिले. नाव भाड्याने घेणारे दुकान आपल्यासारख्या गिऱ्हाइकांच्या घाईवरच उभे असते. पापनिवेदनाला जाताना ही गोष्ट आम्हांला कधी आठवली नव्हती.

दृष्टान्तातील दयाळू शोमरोन्याने जखमी माणसाला पैसे पाठवून दिले नाहीत. तो जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने जखमा बांधल्या. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने त्या माणसाला उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती सोपवले आणि परत येण्याचा शब्द दिला. जवळ जाणे, हा त्या साऱ्या कथेचा आरंभ आहे.

तीन वर्षांनी आमच्या नात्यातील त्या तरुणाने आपले प्रमाणपत्र त्या भिंतीवरून काढून आणले आणि एका रुग्णालयाच्या औषधविभागात तो कमी पगारावर लागला. कारण त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. विचारण्याचा हक्क आम्ही पूर्वीच गमावला होता. आता औषधाच्या दुकानात गेलो की आम्ही आधी भिंतीवरचे नाव वाचतो, मग काउंटरकडे पाहतो आणि विचारतो, "हे येथे आहेत का?" कोणी कपाळाला आठ्या घालतो, कोणी हसतो. कधी कधी आतून कोणीतरी पांढरा अंगरखा सावरत पुढे येतो आणि म्हणतो, "मीच. बोला."