कोबी लावणार नाही

गॅलरीतल्या मिरचीला सकाळी पाणी घालताना हल्ली मला वनस्पतिशास्त्रज्ञ ॲलन कनिंगहॅम आठवतो. १८३७ साली तो सिडनीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशी वीसेक वर्षं रानोमाळ हिंडून झाली होती. हेच पद आधी चालून आलं, तेव्हा ते त्याने धाकट्या भावाला, रिचर्डला मिळू दिलं. रिचर्ड १८३५मध्ये एका मोहिमेत झाडं बघता बघता वाट चुकला आणि मारला गेला. भावाच्या जागी आलेल्या ॲलनला काय कळलं? की इथे सरकारी अधिकाऱ्यांच्या स्वयंपाकघरांसाठी भाजी पिकवायची आहे! वर्षाच्या आत त्याने राजीनामा दिला.

कोबीला कमी लेखायचं कारण नाही, माझी तर धाव मिरचीपर्यंतच. पण एका कामाला बोलावून भलतंच गळ्यात मारलं की काय वाटतं, ते मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या आपल्या गुरुजींना विचारा. त्यांना राजीनामा परवडत नाही, एवढंच.

राजीनाम्यानंतर, १८३८मध्ये, कनिंगहॅम पुन्हा न्यूझीलंडला गेला. १८२६ साली तिथल्या बे ऑफ आयलंड्सच्या रानात तो हिंडला होता, तेव्हा अंगात रग होती. आता तब्येत ढासळलेली, त्यात पावसाळी हिवाळा. पैहियाला मिशनचा छापखाना चालवणारा विल्यम कोलेन्सो त्याला भेटला. माओरी भाषेतला नवा करार नुकताच छापून झाला होता. खिळे जुळवणाऱ्या त्या हातांना पानाफुलांची, नेच्यांची गोडी लागली, त्यात कनिंगहॅमचा मोठा वाटा. मग कोलेन्सोने वर्षानुवर्षं डोंगर तुडवले आणि लंडनच्या क्यू उद्यानात जोसेफ हूकरकडे हजारो नमुने पाठवले. न्यूझीलंडच्या वनस्पतींवरचा हूकरचा ग्रंथ त्यांवर पोसला. याच हूकरने पुढे भारतातल्या वनस्पतींवर सात खंड काढले. सह्याद्रीतल्या एखाद्या झाडाचं नाव अडलं की आपले अभ्यासक आजही ते उघडतात.

कनिंगहॅम ऑक्टोबरात सिडनीला परतला आणि २७ जून १८३९ रोजी क्षयाने गेला. वय ४७. दफनभूमीतल्या त्याच्या अस्थी १९०१ साली हलवण्यात आल्या. ज्या बागेतून तो उठून गेला होता, तिथेच एका स्मारकस्तंभात त्या आता आहेत.