पत आणि प्रसिद्धी

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळेतली प्रवेशाची गर्दी ओसरली होती. बी.बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेला एक माजी विद्यार्थी कार्यालयात आला, पाया पडला आणि मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "सर, लिंक्डइनवर माझ्याविषयी दोन ओळी लिहाल का? तुमचं खातं मीच काढून देतो."

त्याचे पान मी वाचले. सगळे इंग्रजीत. कौटुंबिक किरकोळ विक्री व्यवसायाच्या पुरवठा साखळीचे तीन वर्षे व्यवस्थापन केले, असे त्यात होते. आमच्या घरचा चहा आणि साखर ज्या दुकानातून येते तोच हा व्यवसाय! मी विचारले, "म्हणजे नक्की काय करत होतास?" तो प्रांजळपणे म्हणाला, "सुट्टीत गल्ल्यावर बसायचो, सर. रविवार पेठेतून माल आणायचो." "मग तसंच का नाही लिहिलंस?" "तसं लिहिलं तर वाचणार कोण?"

रागावण्यासाठी मी तोंड उघडले आणि मिटले. आम्ही शिक्षक मंडळी वर्षानुवर्षे मुलांना विनय शिकवत आलो. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना आत्मस्तुतीलाही त्यांत जागा दिली आहे. स्वतःची टिमकी वाजवू नये, काम बोलू द्यावे, हे आपल्या घराघरांतले बाळकडू. पण काम खरोखर बोलते का? आणि बोललेच तर कोणाच्या कानापर्यंत पोहोचते?

याच वर्गातली एक मुलगी मला आठवली. दहावीत असल्यापासून ती आईच्या महिला बचत गटाचा हिशेब ठेवते. बारा बायकांची वर्गणी, कर्जे, व्याज, थकलेले हप्ते, सगळे तिच्या वहीत पैशापर्यंत जुळते. एका कंपनीच्या निवडीत तिला मुलाखतीलाही बोलावले नाही. अर्जात तिने फक्त टक्के लिहिले होते. "ते काय सांगायचं, सर, घरचंच काम," असे ती म्हणाली. हा विनय तिला आम्हीच शिकवला होता. तेव्हापासून ही बोच माझ्या मनात आहे.

आपण ज्याला विनय म्हणतो तो पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी बोलण्यावर पोसलेला असतो, हे आपण विसरतो. आमच्या पिढीत नोकरीसाठी मुंबई-पुण्याला निघालेल्या मुलाच्या खिशात काकांच्या ओळखीच्या साहेबाला लिहिलेली चिठ्ठी असे. मुलाने गप्प राहावे, चिठ्ठीने बोलावे. ज्याला असा काका नव्हता त्याच्या विनयाचे पुढे काय झाले, याची नोंद कोणी ठेवली? आणि सीमाभागातल्या मुलांची अडचण दुहेरी. घर मराठी, कचेरी कन्नड, मुलाखत इंग्रजीत. पुण्यातली ओळख विटत चालली आहे आणि बेंगळुरूत ती अजून जुळायची आहे.

ओळखीच्या या व्यवहाराचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या एका नगरात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती त्यांना त्यांनी विचारले, ही व्यक्ती तुम्हाला कितपत भेटत असे? वरचेवर भेटणाऱ्याकडून नोकरी कळलेले सुमारे १७ टक्केच निघाले. बाकीच्यांना ती कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळली होती. कारण साधे आहे. जवळच्या माणसाला तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सभासदांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले, त्यांतूनही मध्यम दूरची ओळखच नोकरीला अधिक उपयोगी पडते असे दिसले. म्हणजे ज्या मुलाला काका नाही त्याच्यासाठी हे माध्यम हीच काकाची चिठ्ठी. ते वापरू नको असे त्याला सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला?

पण चिठ्ठीत आणि या पानात एक फरक आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्या काकाची पत तिच्यात गुंतलेली असे. मुलगा नालायक निघाला तर साहेब काकांची पुढची चिठ्ठी उघडत नसे. इथे कोणाचे काय गुंतले आहे? तू माझी वाहवा कर, मी तुझी करतो; उंटाच्या लग्नातले गाढवाचे गायन रात्रंदिवस चालू आहे. आपल्या भाषेत 'पत' हा शब्द किती नेमका आहे पाहा. अब्रू तीच आणि उधारीची लायकीही तीच. प्रसिद्धी एका रात्रीत मिळू शकते. पत खातेवहीच्या पानापानाने वाढते.

प्रसिद्धीतून पत उभी राहत नाही असेही मात्र नाही. आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांचे सायकलचे दुकान होते. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या समजुतीने शेतकरी तो घेईनात. नांगर चांगला होता, तरी तो आपण होऊन बोलला नाही; गावोगाव सांगावे लागले. आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याची खबर लोकांपर्यंत पोहोचवायला. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. जाहिरात वाचकाला काही देऊ लागली की ती नुसती जाहिरात राहत नाही. वाणिज्य शाखेच्या मुलांनी हे प्रकरण अभ्यासावे असे मला वाटते. (पाठ्यपुस्तकात अमेरिकन कंपन्याच अधिक भेटतात, हे जाता जाता.)

म्हणून मी त्या मुलाला म्हटले, हे पान तुझे वडील वाचणार आहेत असे समजून लिही. रविवार पेठेतला व्यापारीही वाचणार आहे. कोणता माल किती दिवस पुरतो, गणपतीच्या आधी गूळ आणि खोबरे किती भरावे, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला गोड बोलून टाळावी, हे तुला येते ना? ते लिही. चूक झाली असेल तीही लिही. भाषांच्या रकान्यात कन्नड 'उत्तम' लिहिले आहेस. दुकानावरची पाटी तरी वाचता येते का? तो हसला. "बोलता येतं, सर." मग 'बोलता येते' असे लिही. बेंगळुरूच्या माणसाला तेवढेही पुरेल. आणि अनोळखी मोठ्या माणसाला 'नोकरी द्या' असे लिहू नकोस. त्याच्या धंद्याविषयी एक नेमका प्रश्न विचार.

"आणि याने नाही जमलं तर?" त्याने विचारले. फुगवून लिहिलेल्यांना नोकऱ्या मिळालेल्या त्याने पाहिल्या आहेत, मीही पाहिल्या आहेत. खरे लिहिणारा मागे पडणारच नाही अशी हमी मी देऊ शकलो नाही. त्याने पान बदलले, पण पूर्ण नाही. 'व्यवस्थापन' हा शब्द अजून आहे. मी दोन ओळी लिहून दिल्या, त्यांत तो शब्द घातला नाही.

त्या मुलीला मी निरोप धाडून बोलावले. तिने आधी मराठीत कच्चे लिहून आणले, वहीच्या कागदावर, चार ओळी. 'आमच्या गटात बारा जणी आहेत. मी फक्त हिशेब ठेवते.' कागद माझ्या हाती देऊन तिने विचारले, "सर, जास्त होत नाही ना?" मी लाल पेन घेऊन 'फक्त' खोडला आणि इंग्रजी करायला बसलो.