नावानिशी कबुली

19 जून 1838 रोजी अमेरिकेतल्या मेरीलँडच्या येशूसंघीयांनी, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंनी, आपल्या मळ्यांवरची 272 गुलाम माणसं लुइझियानातल्या दोघा खरेदीदारांना 1,15,000 डॉलरला विकण्याचा करार केला. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या डिजिटल दफ्तरात 2016 पासून तो कुणालाही वाचता येतो. यादीत पहिला आयझॅक, वय 65. मग त्याचा थोरला मुलगा चार्ल्स, 40. मुलगी नेली, 38. पुढे तान्ही मुलंसुद्धा. यातली बहुतेक माणसं बाप्तिस्मा घेतलेली कॅथलिक होती, त्यामुळे हा व्यवहार केवळ अर्थकारणाचा राहत नाही. धर्मबंधूंनी धर्मबंधूंना विकलं होतं.

अशा वेळी एखादा संघ पापाची कबुली देऊ शकतो का? माझ्या मते देऊ शकतो, आणि ती खरी ठरायची तर असं दफ्तर उघडावंच लागतं. 1551 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सांगितलं की गंभीर पापं एकेक करून, त्यांचं स्वरूप बदलणाऱ्या परिस्थितीसह निवेदन करावीत. ‘माझ्या हातून चुका झाल्या’ एवढं मोघम बोलून भागत नाही. व्यक्तीला लागू असलेली ही अट संघाला माफ का असावी? जुन्या काळी गैर घडलं, हे म्हणणं कुणालाच फारसं जड जात नाही. आयझॅकला, चार्ल्सला, नेलीला विकलं, हे म्हणायला मात्र कागद लागतो, आणि तो पूर्वी मोजक्या अभ्यासकांच्याच हाती पडत असे. आता विकल्या गेलेल्यांचे वंशज आपल्या पूर्वजांची नावं त्यात स्वतः शोधतात. कबुली ज्यांच्यासमोर द्यायची, तेच दफ्तर वाचू लागले आहेत.

यावर पहिला आक्षेप, आजच्या नीतीने कालच्या माणसांना तोलू नये, हा. पण रोममधले संघप्रमुख यान रोथान यांनी विक्रीला संमती देतानाच अटी घातल्या होत्या: कुटुंबं तोडू नयेत, धर्माचरणात खंड पडू नये, पैसा कर्जफेडीत जाऊ नये. प्रांतप्रमुख थॉमस मलेडी यांनी त्या पाळल्या नाहीत. पहिल्या हप्त्यातला मोठा भाग संघाच्या जॉर्जटाउन कॉलेजच्या कर्जात गेला आणि 1839 मध्ये मलेडींना पद सोडावं लागलं. तोलणारा तराजू त्याच काळातला होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पश्चात्ताप ज्याचा त्यानेच करायचा असतो, मेलेल्यांच्या वतीने जिवंतांनी कसा करावा? पण संघ आपली पुण्याई वारशाने घेतोच. संघाचाच संत असलेल्या फ्रान्सिस झेवियरचा सण दरवर्षी 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात साजरा होतो, तेव्हा कुणी म्हणत नाही की तो केव्हाच वारला, आमचा काय संबंध. पुण्य वारशाने येत असेल तर ऋणही येतं.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. हे कागद मालकांनी लिहिलेले आहेत. नेलीला काय वाटलं, ते त्यांत कुठेच नाही. शोधचौकटीत नाव टाकलं की वय आणि नातं मिळतं, आवाज मिळत नाही. शिवाय कबुलीपाठोपाठ भरपाईही यावी लागते. 2021 मध्ये अमेरिकेतल्या येशूसंघाने वंशजांच्या प्रतिष्ठानासाठी 10 कोटी डॉलर उभे करण्याचं वचन दिलं. आपल्याकडेही प्रश्न उरतोच. भारतातल्या येशूसंघाच्या सोळाव्या शतकातल्या कागदपत्रांचे, योझेफ विकी यांनी संपादित केलेले ‘डॉक्युमेंटा इंडिका’चे 18 खंड आहेत; गोव्यातल्या गुलामांचे उल्लेख त्यांतही येतात. त्या माणसांची नावं शोधण्याचं काम कुणीतरी हाती घ्यायला हवं.