पाहण्याचा हक्क

ऑस्ट्रेलियातील ब्ल्यू माउंटन्सच्या एका खोल घळीत १९९४ साली वोलेमी पाइन हा सूचिपर्णी वृक्ष जिवंत आढळला. पूर्ण वाढलेली झाडे शंभराहूनही कमी. शास्त्रज्ञांनी त्यांच्या डीएनएतील खुणा ताडून पाहिल्या, तेव्हा झाडाझाडांत जवळजवळ काहीच भेद दिसला नाही. विविधता असली की साथीत काही झाडे तरी तग धरतात. येथे एकाला मारणारा रोग सर्वांनाच मारू शकतो. बुटाला चिकटलेल्या मातीतूनही तो पोहोचतो. २००५ साली मुळे कुजविणारा रोग तेथे आढळलाच. म्हणून ती जागा गुप्त राखली आहे.

दुर्मीळ ते प्रत्यक्ष पाहण्याचा आपणांस हक्क आहे काय? मला वाटते, नाही. दुर्बलाच्या जीवितापुढे आपले कुतूहल गौण होय. त्या वृक्षाची रोपे आज अनेक उद्यानांत वाढत आहेत. ज्यांना पाहावयाचे, त्यांनी ती तेथे पाहावीत.