न लिहिलेला कोन

जुन्या वाड्याचा अथवा देवळाचा जीर्ण कागदी नकाशा संगणकावर, कॅड प्रणालीत, नव्याने आखावयाचा प्रसंग हल्ली आमच्या धार-देवासकडेही येतो. नकाशावर चारही भिंतींची लांबी लिहिलेली असते. कोन मात्र पुष्कळदा लिहिलेले नसतात. कागद आकसलेला, घडीवर विरलेला. त्यावर कोनमापक ठेवून घेतलेल्या मापाचा भरवसा नसतो. मग आखणारा प्रत्येक कोपरा काटकोन धरून मोकळा होतो. हे कितपत योग्य? प्रश्न वरवर गणिताचा दिसतो. आमच्या मते तो सत्याचरणाचा आहे.

तीन बाजू कळल्या की त्रिकोणाचे कोन ठरतात. चौकोनाचे तसे नाही. चार काठ्या टोकांशी बांधून केलेली चौकट दाबली की कलते. बाजू त्याच राहतात, कोन बदलतात. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे निश्चित फल विचारणाऱ्यास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) पिशाच म्हटले आहे, आणि तसे उत्तर देणारास त्याहूनही थोर पिशाच! चाळीसगावनजीकच्या पाटण येथील शिलालेखानुसार या आचार्यांच्या एका पूर्वजास, भास्करभट्टास, भोजराजाने ‘विद्यापति’ ही पदवी दिली होती. तेव्हा हा उपदेश धारकरांस परका नव्हे.

एक उदाहरण घेऊ. जागेच्या समोरासमोरच्या बाजू ४० व ३० फूट आहेत. कोपरे गुण्यात असतील तर कर्ण ५० फूट भरेल. जागेवर फीत धरली आणि तो ४८ फूटच भरला, तर तेथील कोन सुमारे ८५ अंश १९ कला निघतो. क्षेत्रफळात फरक अवघा चार चौरस फुटांचा. पण मागची भिंत काटकोनी आखणीहून सुमारे अडीच फूट बाजूला असते. ते अडीच फूट कोणाचे? देवासला थोरल्या व धाकट्या पातींचा मुलूख एकमेकांत गुंतलेला होता. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. सीमेच्या रेघेचे मोल तेथील लोकांस सांगावयास नकोच.

न्यायदर्शनाने मानलेल्या प्रमाणांपैकी तीन येथे उपयोगी पडतात. जागेवर मोजलेले ते प्रत्यक्ष, गणिताने काढलेले ते अनुमान, जुन्या नकाशावर लिहिलेले ते शब्द. ‘काटकोनच असणार’ ही समजूत यांपैकी कशातच बसत नाही. अनुमानालाही मर्यादा आहे. चौकोनाचे तीन कोन ठाऊक असले, तर ३६० अंशांतून त्यांची बेरीज वजा करून चौथा मिळतो. परंतु त्या तिघांच्या चुका तो मुकाट्याने आपल्या अंगावर घेतो, आणि पडताळा पाहण्यास काही उरत नाही. यंत्र तोच कोन दशांश चिन्हापुढील चार अंकांपर्यंत लिहून दाखविते. अंक वाढल्याने सत्य वाढते काय?

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, शक्य तेथे कर्ण मोजावा. आणि प्रत्येक कोनाजवळ तो मोजलेला, काढलेला की गृहीत धरलेला, हे स्पष्ट लिहावे. गृहीत धरणे हा दोष नव्हे. ते लपविणे हा दोष आहे. आपल्या मागून तो नकाशा पाहणारास आपले अज्ञान ज्ञान म्हणून देणे, ही त्याची फसवणूकच होय. दुसऱ्याच्या वर्तनातील न दिसलेले कोनही आपण असेच सोयीने भरीत असतो. तेथेही एकदा कर्ण मोजून पाहावा.